खुलासा : चीक पाजण्यासाठी वार पडण्याची वाट पाहू नका

‘वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजू नये, गाय आजारी पडते’ असा संदेश पशुपालकांमध्ये फिरतो आहे. (वार म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा, व्यायल्यावर बाहेर पडणारा अवयव; चीक म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध.) हा संदेश चुकीचा आहे आणि वासरांच्या जिवावर बेततो.

माणसात आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) वारेतून बाळाच्या रक्तात गर्भातच पोहोचतात. गाई-म्हशींच्या वारेची रचना वेगळी; तिथून ती जात नाहीत. वासरू जवळपास प्रतिपिंडांविनाच जन्मतं आणि चिकातलं आयजीजी हाच त्याचा आधार. वासराचं आतडं हे मोठे रेणू अखंड शोषतं, पण जन्मानंतर काही तासच. सहा तासांनंतर शोषण झपाट्याने घटतं, साधारण २४ तासांत थांबतं. वार पडायलाच अनेकदा ८ ते १२ तास लागतात!

वजनाच्या दहा टक्के चीक द्या : ३० किलोच्या वासराला ३ लिटर. निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला १२ तासांच्या आत. आधी सड धुवा, कारण घाणीतले जंतू शोषणात अडथळा आणतात. चीक उकळू नका. प्रतिपिंडं नष्ट होतात. ब्रिक्स मीटरवर (चिकाचा दाटपणा मोजणारं उपकरण) २२ किंवा अधिक आकडा म्हणजे चांगला चीक. उशीर झाला तर हगवण, न्यूमोनिया, सांधेसूज यांचा धोका वाढतो.

गाईचं म्हणाल तर, धार काढताना सुटणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक गर्भाशयाच्या आकुंचनाला मदतच करतं. वार २४ तासांतही पडली नाही, तर ओढू नका, पशुवैद्यकांना बोलवा.