गाडी रुतली तर काय?

'चिलखती गाड्या घेतल्या की शांतिसैनिक सुरक्षित' हे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या जवानांसाठी चिलखती गाड्या घेण्यावरच्या लेखातलं वाक्य अर्धवट वाटलं. माझा मावसभाऊ दक्षिण सुदानमध्ये राहून आलाय. आमच्या परळच्या घरी आला की सांगतो, तिथली माती मराठवाड्यासारखी काळी. पावसात गाडी रुतली की सुरुंगाचा दणका बाजूला फेकणारं व्ही आकाराचं बूडही कामाचं नाही. खाली उतरून फावडं मारायचं, म्हणजे जवान उघड्यावरच.

तिथेच एप्रिल 2013 मध्ये दबा धरून केलेल्या हल्ल्यात आपले 5 जवान गेले. गाड्या घ्याच, लवकर घ्या. पण करारातच सुटे भाग, मेकॅनिक आणि रुतलेली गाडी ओढायची सोय लिहून घ्या. गाडी बंद राहिली तर गाडी पुरवल्याबद्दल देशाला संयुक्त राष्ट्रांकडून मिळणारा परतावाही कापला जातो, हे लेखात यायलाच हवं होतं.