राजेहो, किडनीतले मोठे शास्त्रज्ञ व्हायचंय का?

तर डॉक्टरसाहेब, एमडी झालं, डीएम झालं, आता नुसते पेशंट तपासून कोणी मोठं होत नाही बाप्पा. पेशंट बरा झाला तर जास्तीत जास्त घरची तूरडाळ आणून देतो, डाळीचं सायटेशन होत नाही. मोठं व्हायचं तर संशोधनाचे पेपर पाहिजेत, पेपरला सायटेशन पाहिजेत, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरांत त्याचा दाखला द्यायला पाहिजे, आणि दोन्हीसाठी आपल्या अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारट, गावात कोणालाही विचारा, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात साचणारा कचरा) वाढलेला एखादा तरी नातेवाईक निघतोच, अन् लोकं इतके भले की डॉक्टर आला म्हटलं की हात पुढं करतात.

आधी कॅम्प लावा. सरपंचाला फोन केला की झेडपीची शाळा मिळते, चहापोह्यांचं ग्रामपंचायत बघते. रक्त घ्या, लघवी घ्या, संमतीच्या फॉर्मवर सही नाहीतर अंगठा घ्या, आणि एखादी म्हातारी "साहेब, रिपोर्ट कधी भेटन?" म्हणाली तर "पुढच्या महिन्यात" म्हणायचं. कोणत्या वर्षाचा महिना ते तिनं विचारलेलं नाही.

आता नमुने आणले म्हणून सगळं एकाच पेपरात ओतून बसू नका, हा नवख्यांचा गाढवपणा. क्रिएटिनिनचा एक, लघवीतून गळणाऱ्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनचा एक, पुरुषांचा वेगळा, बायांचा वेगळा, अन् उरलेल्या सीरममधून इंटरल्युकिन-6, म्हणजे इम्युनिटीचे निरोप पोचवणारं प्रोटीन, मोजलं की झालात तुम्ही इम्युनॉलॉजिस्ट. कपाशीत तूर लावतो तसंच आहे हे, वावर एकच पण पिकं दोन, किडनीवाले पण सायटेशन देतात आणि इम्युनिटीवाले पण.

किडनी किती टक्के चालते हे काढायला 2021 चा सीकेडी-ईपीआय फॉर्म्युला वापरा, अमेरिकेत तयार झालेला आहे, कोणी शंका घेत नाही. तो वय विचारतो, बाई की पुरुष विचारतो, क्रिएटिनिन विचारतो, वजन विचारतच नाही. आता क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि निंदणाला जाणाऱ्या चाळीस किलोच्या बाईच्या अंगावर स्नायू असतात कुठं, म्हणून तिचं क्रिएटिनिन कमी दिसतं आणि कागदावर तिची किडनी प्रत्यक्षापेक्षा जास्त ठणठणीत निघते. याला 'लिमिटेशन' म्हणतात, शेवटून दुसऱ्या पॅऱ्यात एक ओळ टाकायची की मिटलं.

नावांचं नीट बघा. आधी तुमचं, मग एचओडी (विभागप्रमुख) साहेबांचं, मग साहेबांच्या मिसेसचं, त्या डोळ्यांच्या डॉक्टर असल्या तरी चालतं (किडनीनं डोळ्याखाली सूज येतेच की). जी आशाताई उन्हात घरोघर फिरून माणसं गोळा करून आणते तिचे आभार मानावेत, पण नाव न घेता.

मग एच-इंडेक्स, शास्त्रज्ञाचं वजन मोजायचा काटा. हर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं 2005 साली काढला, म्हणजे तुमच्या 10 पेपरांना प्रत्येकी निदान 10 सायटेशन असले की तुमचा एच 10. म्हणून नवीन पेपरात जुने सगळे आपलेच घाला, पीजीच्या पोरांना थिसिसमधून निघणाऱ्या पेपरात साहेबांचे घालायला सांगा, न घालून जातील कुठं, सही तुमचीच लागते.

काही लोकांच्या नादी मात्र लागू नका. पॅरिसमधल्या बर्जे आणि हिंग्ले यांनी 1968 साली किडनीत आयजीए नावाची अँटिबॉडी साचते हे लिहिलं, दोन पानांत, तेही फ्रेंचमध्ये! आज त्या आजाराला लोकं बर्जेचंच नाव लावतात, पण दोन पानात भागवणाऱ्याचा एच-इंडेक्स वाढणार कसा, एका पेपरला जगानं सायटेशन दिलं तरी एच 1 च. 2009 साली बेक आणि सॅलंट यांच्या टीमनं मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या (किडनीची चाळणी बिघडून लघवीतून प्रोटीन गळणारा आजार) 37 पेशंटांपैकी 26 जणांच्या रक्तात त्या चाळणीतल्या पीएलए2आर या प्रोटीनविरुद्धची अँटिबॉडी शोधली, त्यामुळे आता कित्येक पेशंटांना पाठीत सुई खुपसून बायोप्सी करावी लागत नाही, रक्त तपासून भागतं. तुम्ही 37 पेशंटांचे 37 पेपर करू शकले असते.

अन् शेवटच्या ओळीत 'आणखी संशोधनाची गरज आहे' हेच लिहा. गावाला गोड्या पाण्याची पाइपलाइन पाहिजे असं चुकूनही लिहू नका, पाइपलाइनला कोणी साइट करत नाही, वर इंजिनीअरचे फोन येतात ते वेगळेच.

डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा एसटीनं अकोल्याला येणारा कोणी वॉर्डात ओळखून "साहेब, आमच्या गावातून रक्त नेलं होतं, त्याचं काय झालं?" म्हणाला तर अभिमानानं सांगा, इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून आलं. वाचायचं असलं तर जर्नल डॉलरमध्ये पैसे घेतं हेही सांगा. आणि पुढचा कॅम्प शेजारच्या तालुक्यात घ्या, कारण या गावातले लोकं आता बाह्या सरसावतात, पण रक्त द्यायला नाही.