‘ग्राफिक नॉव्हेल म्हणजे खरं वाचन नव्हे’ असं म्हणणाऱ्यांसाठी

‘ग्राफिक नॉव्हेल म्हणजे जाडजूड कॉमिक. मुलांना ठीक आहे, पण चित्रं आयती मिळाली की कल्पनेला काम उरत नाही आणि पुस्तक तासाभरात संपतं.’ हे विधान पालकांमध्ये आणि वाचकांमध्येही सतत फिरतं.

‘मुलांना ठीक’ हा भाग लगेच निकालात निघतो. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या ग्राफिक नॉव्हेलमध्ये नाझी छळछावण्या आहेत, आणि १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

कल्पनेला काम उरत नाही? दोन चौकटींमधली कोरी पट्टी बघा. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत उलटलेली खुर्ची. मधला प्रसंग छापलेलाच नाही, तो वाचकालाच रचावा लागतो. चित्र मजकुराची सजावट असतं हा समजच चुकीचा आहे.

डॉ. आंबेडकरांचं बालपण आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगणारं ‘भीमायन’ (२०११) मराठी वाचकानं तर हातात घ्यायलाच हवं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी त्यात ठरावीक चौकटी नाकारल्या. पानाची विभागणी नक्षीच्या वळणदार पट्ट्या करतात. साध्या, निरुपद्रवी बोलण्याचे फुगे (संवाद लिहायच्या जागा) पक्ष्यांच्या आकाराचे आहेत, तर जातीय विखाराच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. हा विखार मजकुरात वेगळा लिहावा लागत नाही. नुसता मजकूर वाचणाऱ्याच्या हातून पुस्तकाचा मोठा भाग निसटतो.

पुस्तक तासाभरात संपतं ते नुसता मजकूर वाचत पुढे जाण्याच्या याच घाईमुळे. आधी संवादांसाठी पान वाचा, मग फक्त चित्रांसाठी: कुठली चौकट मोठी, कुठली निःशब्द, उजव्या पानाच्या शेवटी, पान उलटेपर्यंत, काय अडवून धरलंय. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचू नका, पूर्ण पानाची रचना हरवते. ‘भीमायन’ तर तसं कापताच येणार नाही.

मराठी अनुवाद वाचताना दम लागतो ही तक्रार मात्र खरी आहे. फुगे रोमन अक्षरांच्या मापानं काढलेले असतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जास्त जागा लागते. ती नसली की अक्षरं बारीक केली जातात किंवा ओळी एकमेकींत घुसतात. अनुवाद काढणाऱ्यांसाठी उपाय दोनच: मजकूर छाटा, नाहीतर फुगे नव्यानं काढा. मूळ मराठी पुस्तक काढत असाल तर पेन्सिलीच्या कच्च्या आराखड्यातच अक्षरं बसवून बघा. शाई चढल्यावर फुगा वाढवला तर खालचं चित्र झाकलं जातं.