म्हणे, दिवसभर पायावरच असते!

आज सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकलं. पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, म्हणून त्यांना कोलेस्टेरॉल नव्हतं. आताच्या बायका मिक्सर फिरवतात आणि सिरियल बघतात. खाली अंगठ्यांची रांग. काका स्वतः पहिल्या मजल्यावरून पेपर आणायला लिफ्टने उतरतात, ते जाऊ दे. पण आमच्या पणज्यांचं कोलेस्टेरॉल मोजायला विहिरीवर कोण बसलं होतं, एवढं तरी सांगा! जात्यावर अंग हलायचं, हे खरं. बरं. पुढे?

डबे भरता भरता डोकं फिरलं ते अजून फिरलेलंच आहे. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळालीय, अर्धी हवेत बसून टाइप करतेय, चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

मागे माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८ आलं, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, दोनशेच्या वर. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "व्यायाम काय करता?" मी तोंड उघडायच्या आत शेजारून उत्तर, "ती काय, दिवसभर पायावरच असते!" नवरा कौतुकाने म्हणाला हो, टोमणा अजिबात नव्हता. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "बसता किती ते सांगा."

सांगायला लागले तर संपेचना. गाडीत बसून, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून, परत गाडीत, घरी आल्यावर भाजी निवडायला बसून, मग धाकट्याच्या अभ्यासाला बसून. आणि ते सुप्रसिद्ध 'पायावर' म्हणजे कुठे? ओट्यासमोर. गॅस ते सिंक, सिंक ते फ्रिज. पोळ्या लाटून होईपर्यंत पोटऱ्या भरून येतात, पण दम लागत नाही, छाती धडधडत नाही. थकवा येतो, व्यायाम होत नाही. लादी पुसणं त्यातल्या त्यात जोराचं काम, ते आमच्याकडे बाई करते. (तिचं कोलेस्टेरॉल कोण मोजतंय, हा आणखी एक लिहिण्याचा विषय.)

डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. पायाचे मोठे स्नायू हलले की ते रक्तातली चरबी ओढून वापरतात. तासन् तास बसलं की ते काम थंडावतं, ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घसरतं. त्यात पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि एलडीएल आपोआप वर सरकतं. म्हणजे ज्या वयात जास्त हलायला हवं, नेमक्या त्याच वयात आपण खुर्चीत सीनियर झालेलो असतो.

१९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबल डेकर बसवरच्या माणसांचा अभ्यास छापला. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. एकाच बसवरची माणसं! सगळे पुरुषच, अर्थात. त्यांच्या घरच्या बायकाही बहुधा दिवसभर पायावरच असणार.

मान्य, नुसत्या चालण्याने एलडीएल फारसं उतरत नाही. ते खाण्यावर असतं, आनुवंशिक असतं, थायरॉइडमुळेही वाढतं. ज्यांना गोळी लागते त्यांनी ती घ्यावीच. पण म्हणून चालायचंच नाही का?

आठवड्याला किमान १५० मिनिटं भराभर चाला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुठे चालू? आमच्या बोरिवलीत नॅशनल पार्क आहे, नशीबवान आहोत. सकाळी सगळे छान कॅनव्हास शूज घालून जातात. सकाळी माझ्या घरात तीन डबे असतात. संध्याकाळी मी स्टेशनवर उतरेपर्यंत पार्कचं गेट बंद. रस्त्यावर चालावं तर फुटपाथवर बाइका लावलेल्या. तरी बूट चढवलेच, तर दारातच आवाज येतो, "निघालीच आहेस तर कोथिंबीर आण. आणि इस्त्रीचे कपडेही." झालं. हातात पिशवी आली की ते चालणं राहत नाही, बाजार होतो. दर चार पावलांवर थांबा.

दादर आलं, नीट सीट मिळाली, म्हणून जरा निवळून लिहिते. नवऱ्याचं ते वाक्य वाईट नव्हतंच, म्हणूनच जास्त लागलं. माझ्या दमण्याची त्याला पूर्ण जाणीव आहे. फक्त त्या दमण्यात माझ्या तब्येतीसाठी काही नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या रिपोर्टनंतर रात्रीची भांडी तो घासतो. रोज नाही, पण घासतो. (घासल्यावर सांगतोही.)

माझ्या समोर आत्ता एक बाई मटार सोलतेय. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल, फक्त बायकांची लोकल, सुरू झाली, तेव्हा या डब्यांमध्ये वयात आलेल्या मुली आज पाळी जाण्याच्या वयाच्या आहेत. तेव्हाही सोलत होत्या, आताही सोलतायत, आणि ग्रुपवर वाचतायत की आजच्या बायका ऐतखाऊ. अरे, चीड येणार नाही तर काय!

तर आमच्या बिल्डिंगवाल्यांनो, ही गच्ची आपली आहे आणि कायम कुलूपबंद असते. पोरं पतंग उडवतात, टाकीत कचरा पडतो, ही कारणं ऐकून कान किटले. रविवारच्या मीटिंगमध्ये मी चावी मागणार आहे. संध्याकाळी सात ते आठ, चालायला, पिशवी आणि मोबाइल घरी ठेवून. अजेंड्यावर विषय नाही असं सांगू नका. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' शेवटी असतातच, त्यात घेऊ. ज्या येणार असतील त्यांनी खाली नुसतं 'हो' लिहा.