काली लिनक्स नवशिक्यांसाठी नाही, हे काली बनवणारेच सांगतात

‘लिनक्स शिकायचंय? मिंट-उबंटू लहान पोरांसाठी, सरळ काली टाका. व्हायरस लागत नाही, शेजाऱ्याचं वायफायही उघडतं.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम; मिंट, उबंटू, काली हे तिचेच प्रकार. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून असले मेसेज जोरात फिरताहेत. चोपड्याला माझ्या भाच्याने हा वाचला आणि घरच्या लॅपटॉपवर काली चढवलं. इन्स्टॉल करताना ‘पूर्ण डिस्क वापरा’ निवडलं. मेहुण्यांचा केळीचा हिशोब, व्यापाऱ्यांच्या पावत्यांचे फोटो, सगळं पुसलं गेलं. मग मला फोन: “मामा, आते काय करानं?”

‘काली वापरावं का?’ याच प्रश्नावर कालीच्या अधिकृत माहितीत एक वेगळं पान आहे. लिनक्सची ओळख नसेल, किंवा रोजच्या कामाला साधा डेस्कटॉप हवा असेल, तर आम्ही याची शिफारस करत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. बनवणारेच नको म्हणताहेत, मग मेसेज पाठवणारा कोण लागून गेला? काली हे परवानगी घेऊन दुसऱ्याच्या यंत्रणेतल्या त्रुटी शोधणाऱ्यांचं हत्यार आहे. ते सतत बदलत असतं आणि त्यात बाहेरच्या रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर उतरवण्याची ऑनलाइन कोठारं) जोडल्या की बिघडू शकतं, हेही तेच सांगतात. एनमॅप, वायरशार्क ही नेटवर्क तपासायची साधनं शिकायचीत? ती मिंटवरही बसतात.

शेजाऱ्याच्या वायफायची गोष्ट तर संतापजनक आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये घुसणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॉलेजच्या पोराला हे कोण सांगणार?

व्हायरसचं अर्धं खरं आहे, मान्य. घरगुती लिनक्सवर तो त्रास कमी. पण ‘लागतच नाही’ हे खोटं. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटचीच वेबसाइट फोडून डाउनलोडच्या जागी छुपा दरवाजा असलेली फाइल लावली होती. म्हणून फाइल अधिकृत जागेवरूनच घ्यायची आणि चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही ना हे दाखवणारा आकडा, ताडून पाहायचा.

मिंट लहान पोरांचं म्हणे! उबंटूच्या दीर्घ सपोर्टवाल्या आवृत्तीवर ते उभं आहे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं. लॅपटॉप फारच जुना असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. लिहायला-हिशोबाला लिब्रेऑफिस आयतं मिळतं, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डही सेटिंगमधून जोडता येतो.

आधी हिशोबाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मग पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चाललं, तरच इन्स्टॉलवर क्लिक करा.