भात्याला गळती

चार बाय पाच इंची सुट्या फिल्म-शीटवर फोटो काढणाऱ्या, भात्याच्या कॅमेऱ्यात नको तिथून उजेड शिरायला लागला की माणूस एकतर शास्त्रज्ञ होतो, नाहीतर वेडा. हर्णैत राहत असेल तर दोन्ही, आणि तेही आळीतल्या सगळ्यांच्या देखत.

लक्षण असं. निगेटिव्हवर सुवर्णदुर्गाची तटबंदी, अलीकडच्या होड्या, सगळं झकास. फक्त उजवीकडून एक काळा लोट किल्ल्यावर चाल करून आलेला. प्रिंटवर तो पांढरा होतो, त्यामुळे पाहुण्यांना धुकं म्हणून खपवता येतं. मे महिन्यात, भर दुपारी, हर्णैत धुकं! पुण्याचे साडू तेवढे मानतात.

खरं तर या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं काही नसतंच. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मध्ये घड्याघड्यांचा भाता. पण उजेडाला वाटा मुबलक: भात्याचे कोपरे, लेन्सबोर्डाची कड, फिल्मची शीट भरलेला होल्डर बसतो ती चौकट, होल्डरचं सरकतं झाकण म्हणजे डार्क स्लाइड ओढायच्या फटीतली झिजलेली मखमल. म्हणून तपास फिल्मच्या कडेपासून करावा. होल्डरच्या पट्ट्यांखाली शीटची कड झाकलेली असते. काळं तिथवर पोचलं असेल तर बहुधा होल्डर दोषी, नाहीतर शीट भरणारा. कड स्वच्छ आणि आतलंच काळवंडलेलं असेल, तर कॅमेरा. माझी कड धुतल्या तांदळासारखी होती. मग मी भात्याची उजवी बाजू तपासत बसलो.

शेजारचे आप्पा दर वर्षी पावसाआधी आमची कौलं परततात. ते वरूनच ओरडले, "बाळ्या, थेंब पडतो तिथं भोक नसतं रे! पाणी वाशावरून चालत येतं. दुसरीकडं बघ." बरोबरच होतं. डावीकडच्या भोकातून घुसलेला उजेड तिरका जाऊन फिल्मच्या उजवीकडेच पडणार.

आता हवा होता काळोख. भाता पूर्ण ताणायचा, कारण मिटलेल्या घड्यांत भोकं लपतात. मागून डोकं घालून वर काळं कापड घ्यायचं आणि बाहेरून कुणीतरी टॉर्च फिरवायचा. बाळंतिणीच्या खोलीत गेलो. आमच्या तीन पिढ्या जिथे अंधारात जन्मल्या म्हणतात, त्या खोलीत दार लावल्यावर कवडशांची नुसती रांगोळी. रात्री करावं तर समोरच्या देवळाचा हॅलोजन. एकदाची लाईट गेली, तर शेजारच्या काकू मोबाईलचा टॉर्च माझ्यावर रोखून दारात हजर: "तुमच्याकडे पण गेली का? आणि वाफारा घेताय होय? ओवा टाका त्यात."

डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं तरी लागतात. काकूंना घालवून, बायकोच्या हातात टॉर्च देऊन पुन्हा कापडाखाली शिरलो. बराच वेळ काही नाही. मग डाव्या कोपऱ्यात, घडीच्या टोकाला, टाचणीच्या अग्राएवढा ठिपका. टॉर्च सरकला की विझायचा, परत आला की लुकलुकायचा. त्याच्या खाली आणखी एक. "दिसतंय का काही?" बायकोनं विचारलं. "अप्रतिम!" मी म्हणालो. तिनं टॉर्च खाली ठेवला आणि आमटी बघायला गेली.

भोकांवर आतून काळा फॅब्रिक रंग लावला. सुकेपर्यंत भाता मिटायचा नाही, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटून बसतात. आमच्या खाऱ्या दमट हवेत सुकणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. भाता ताणून पडवीत ठेवला. मांजरानं आत बसून बघितलं.

शेवटची परीक्षा एक्स-रे फिल्मवर. ती स्वस्त पडते, हिरव्या-निळ्या उजेडालाच दाद देणारी असल्यानं लाल दिव्यात हाताळता येते, आणि आठ बाय दहाच्या एका शीटचे चार तुकडे होतात. शटर बंद, डार्क स्लाइड बाहेर, आणि कॅमेरा एकेक कूस बदलत कडक उन्हात. शीट धुतली: निळसर, निर्मळ, पूर्ण कोरी! मी अंगणात अक्षरशः नाचलो.

आप्पा शिडीवरून उतरले, शीट हातात घेतली, उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी निरखली आणि म्हणाले, "काही मोडलेलं नाही. प्लास्टर नको."