ॲटम मॅपिंग "शंभर टक्के बरोबर"? थांबा की जरा

आमच्या एमएस्सीच्या ग्रुपवर ॲटम मॅपिंगबद्दल, म्हणजे रिॲक्शनमधला कुठला अणू प्रॉडक्टमध्ये कुठं बसला ते जुळवून दाखवण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय, चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेल्या मित्राकडनं पण तोच आला. "रिॲक्शन टाका, सॉफ्टवेअर सेकंदात सांगतं कुठला अणू कुठं गेला, शंभर टक्के बरोबर. एआयनं केमिस्ट्री स्वतः शिकलीय, मेकॅनिझम आणि आयसोटोप लेबलिंगची कटकट संपली." (मेकॅनिझम म्हणजे रिॲक्शन कुठल्या पायऱ्यांनी होते ते, आणि आयसोटोप लेबलिंग म्हणजे एखाद्या अणूच्या जागी त्याचाच वेगळ्या वजनाचा भाऊ घालून तो कुठं जातो ते शोधणं.) आमच्या एका सरांनी पण फॉरवर्ड केलाय म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

पहिलं ते "शंभर टक्के". परवा सोलापुरात सात रस्ता चौकात चहा पिताना एका ज्युनियरला टॉवेलच्या बिलामागं अलिल फिनाइल ईथर काढून दिलं, म्हणजे बेंझिनची रिंग, तिला ऑक्सिजन आणि त्याला तीन कार्बनची अलिल साखळी. त्या तीन कार्बनला १, २, ३ नंबर, १ ऑक्सिजनला लागून. म्हटलं तापवलं की क्लेझन रिअरेंजमेंट (रेणूतल्या रेणूत जोडण्या बदलतात ती) होऊन ऑर्थो-अलिलफिनॉल होतो, म्हणजे साखळी ऑक्सिजन सोडून रिंगवर शेजारच्या जागी बसते, मग रिंगला कुठला कार्बन चिकटतो सांग. "१ च की ओ, ऑक्सिजनपासनं सुटला आणि शेजारी बसला." आता गंमत बघा, जुन्या मॅपिंग प्रोग्रॅमचं डोकं पण असंच चालतं, कमीत कमी बाँड बदलतील ते उत्तर खरं मानायचं, आणि त्या हिशोबानं १ च जिंकतो. खरं तर चिकटतो ३, आणि डबल बाँड २-३ मधनं १-२ मध्ये सरकतो. प्रॉडक्ट बघून काही कळत नाही कारण दोन्हीकडनं चित्र सेम येतं, कार्बन-१४ चं लेबल लावलं तेव्हा हे पक्कं झालं.

मग लेबलिंगची कटकट संपली कशी? बेंझॉइक ॲसिड आणि मिथेनॉलचं एस्टर घ्या. पाण्यात जाणारा ऑक्सिजन ॲसिडचा का अल्कोहोलचा? बाँड मोजाल तर दोन्हीकडं दोन तुटतात दोन जुळतात, बरोबरीत सुटतं. रॉबर्ट्स आणि युरी यांनी १९३८ मध्ये मिथेनॉलमध्ये ऑक्सिजन-१८ घालून बघितलं, तो एस्टरमध्ये सापडला, म्हणजे पाण्यात गेला तो ॲसिडचा. आज एखादा प्रोग्रॅम हे बरोबर सांगत असेल तर ते बरोबर आहे हे आपल्याला कळतं, कुणीतरी आधी ती कटकट केली म्हणूनच.

"स्वतः शिकलीय" हे मात्र निम्मं खरंय. आयबीएमवाल्यांचा २०२१ चा आरएक्सएनमॅपर हा मॅपिंगचा प्रोग्रॅम, त्याला मॅप केलेली उत्तरं कुणी दिलीच नव्हती, नुसत्या रिॲक्शन वाचून मॉडेलच्या अटेन्शनमधनं (वाचताना ते कुठल्या भागाचा कुठल्या भागाशी संबंध लावतं त्यातनं) मॅपिंग निघालं. लई भारी काम आहे, मी पण वापरतो. पण वाचलं काय, तर मुख्यतः अमेरिकन पेटंटमधनं उपसलेल्या रिॲक्शन, ज्यात पाणी, क्षार असले बायप्रॉडक्ट बहुतेक वेळा लिहिलेलेच नसतात आणि कधी कधी रिएजंटच (रिॲक्शनसाठी घातलेला पदार्थ) गायब. उत्तरासोबत कॉन्फिडन्सचा आकडा येतो तो मॉडेलला स्वतःबद्दल किती खात्री आहे तेवढाच, त्याला प्रयोगाचा निकाल समजू नका. मी आकडा कमी दिसला किंवा रिअरेंजमेंट असली की हातानं काढून बघतो, आणि क्लेझनसारखं काही असलं तर आकडा जास्त असला तरी बघतो.

"सेकंदात" हा शब्द तेवढा खरा आहे. दहा हजार रिॲक्शन हातानं कोण मॅप करणार बे?